जावईबापूंनी बसवलेले ब्रेक

चि. जावईबापूंना अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे या क्षणी गाडी उभी असल्यामुळे ठीक आहोत. तुमच्या गाडीत बसवलेल्या शर्यतीच्या सीटमध्ये बसून तुमची कंबर धरते असं लेक म्हणत होती. शेकत जा.

मागच्या भेटीत तुम्ही आमच्या गाडीच्या पुढच्या चाकांना कौतुकाने शर्यतीचे ब्रेक पॅड बसवून दिलेत. जावयाच्या भेटीला नावं ठेवू नयेत हे मला कळतं, म्हणून ठेवत नाही, फक्त काय झालं ते सांगतो. हे पॅड तापले की गाडी जागच्या जागी थांबते, मान्य. पण मी पडलो निवृत्त माणूस. घरापासून बाजारापर्यंत पॅड तापावेत एवढा वेग मी (उतारावरसुद्धा) गाठत नाही, आणि थंड असताना त्यांना ब्रेक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पहिल्याच दिवशी फाटकाशी पाय दाबला, तर गाडीने जरा विचार केला आणि शेजारच्या वकिलांच्या कुंडीपाशी (कुंडी आता नाही) थांबली. वकिलांनी खापऱ्यांचा फोटो तेवढा काढून ठेवला, त्याचीच मला जास्त धास्ती वाटते. वर सिग्नलला चाकं अशी किंचाळतात की पुढचे लोक वळून माझ्याकडे बघतात. पॅडच्या भुकटीने चाकं काळी, आणि ती पुसून माझे हात काळे. गॅरेजवाला म्हणाला, "काका, निघायच्या आधी तापवून घेत जा ना." म्हणून मी रोज सकाळी गल्लीत सुसाट निघतो, करकचून थांबतो, परत निघतो. समोरच्या डॉक्टरीणबाईंनी तुमच्या सासूबाईंना बाजूला घेऊन विचारलं, काकांचं घरात काही बिनसलंय का?

बिनसलंयच. तुमच्या सासूबाईंनी माझ्या शेजारी बसायचं सोडलं आणि त्या बसने जाऊ लागल्या. इतकी वर्षं त्यांची कटकट ऐकत गाडी चालवली, आता रिकाम्या सीटशेजारी करमत नाही. हे तुम्हाला म्हणून सांगतो.

लेकीला आशीर्वाद.

तुमचा सासरा

ता. क. पॅड बदलावेत अशी माझी मुळीच मागणी नाही. फक्त रविवारी येताना आमचे जुने पॅड आणि पाने घेऊन या.

ता. क. २. रविवार लांब आहे, उद्याच या. काल तुमच्या सासूबाई मला म्हणाल्या, "सरका, मी बघते." त्यांची गाडी चालवायची पद्धत अशी, की कुत्रं दिसलं की ब्रेक, वळण दिसलं की ब्रेक, काहीच दिसलं नाही तर का दिसत नाही म्हणून ब्रेक. गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत पॅड मस्त तापले, आणि बाजारात गाडी हूं की चूं न करता जिथे हवी तिथे उभी राहिली. तेव्हापासून किल्ली त्यांच्या पर्समध्ये आहे आणि मी शेजारच्या सीटवर. मागच्या चाकांनाही असेच पॅड हवेत म्हणून त्यांचा तुम्हाला फोन येईल. मिळत नाहीत म्हणून सांगा.