तोरूच्या पाठीवरचं ऊन

आदरणीय विहीणबाई कालीपा यांना कोचकोरहून सादातचा वाकून सलाम.

गुरंढोरं धष्टपुष्ट ना? माणसं सुखरूप ना? (गुरांचं आधी विचारलं म्हणून रागावू नका. माणसं आपली दुखणी स्वतः सांगतात, आणि तुम्ही तर जरा जास्तच सांगता.) तुमच्या गुडघ्यांना उतार पडला असेल, व्याह्यांच्या जिभेला पडला नसेल. आमच्याकडे सगळं क्षेम. पत्र मी सांगतेय आणि आपली मीरिम लिहितेय, म्हणजे शहाणपण माझं, चुका तिच्या. (आजी, हे बरोबर नाही. – मीरिम) बघा, मधेमधे बोलते. तुमच्याकडची सवय.

गोष्ट अशी की पोरीला शहरातल्या चित्रशाळेत जागा मिळाली आहे. हल्ली चित्र कागदावर काढत नाहीत. काचेच्या पाटीवर एका काडीनं काढतात, ना बोट माखतं ना सतरंजी. पण तुमचा जावई, म्हणजे माझा एर्किन, अडून बसला. म्हणाला, "प्लास्टिकचे घोडे शिकायला शहरात कशाला? बाजारात आयते मिळतात." पोरीनं जेवण टाकलं. मी बोलणं टाकलं. (माझं टाकलेलं संध्याकाळपर्यंत टिकलं, पण घरात कुणालाच त्याचा त्रास होईना, उलट सुखच झालं.) शेवटी त्यानं अट घातली: तुझ्या आजोबांच्या तोरूचं चित्र काढ. कुणी काही न सांगता त्यांनी आपला घोडा ओळखला, तर जा. आता आपले व्याही म्हणजे पलीकडच्या डोंगरावरचा घोडा नुसत्या चालीवरून ओळखणारा माणूस, पण चित्रातला घोडा त्यांना जन्मात कधी पटलेला नाही. आणि एकदा ते उन्हाळी कुरणावर गेले की पानगळीशिवाय उतरत नाहीत, तोवर चित्रशाळेतली जागा राहते थोडीच! म्हणून एवढी घाई, विहीणबाई. पोरीचा सगळा जीव त्या घोड्यात अडकलाय.

झालं, आम्ही दोघी कामाला लागलो. पहिला तोरू तिनं काढला तो चांगला गुबगुबीत, पण चुलीतून ओढून काढल्यासारखा. सावली म्हणून सगळीकडे काळं फासलेलं. मी म्हटलं, अगं, तांबूस घोड्याची सावली काळी कधी असते? हिरव्या कुरणात उभा असला की पोटाखाली गवताचा हिरवा चढतो, वरून आभाळ पाठीवर निळं सांडतं, आणि मावळतीचं ऊन मागून आलं की कान आतून पेटतात, निखाऱ्यासारखे. मी अशी फुलले होते! तर ही म्हणते, "आजी, हे पहिल्याच धड्यात सांगतात. मी विसरले होते, एवढंच." घ्या! उभा जन्म घोड्यांच्या पोटाखाली वाकून धारा काढल्या, तेव्हा जे दिसलं ते ह्यांच्या पहिल्या धड्यात! दुसऱ्या धड्यात काय असतं ते मी विचारलंच नाही.

पण खरी मौज त्या पाटीत आहे. रंग एकावर एक पारदर्शक पडद्यांसारखे चढवायचे: खाली अंगाचा रंग, त्यावर सावलीचा पडदा, त्यावर उन्हाचा. नको असलेला पडदा उचलून फेकून द्यायचा, खालचा घोडा जसाच्या तसा! आणि एक बटण असं आहे की दाबलं की शेवटचं केलेलं न केल्यासारखं होतं. मी ते इतक्या वेळा दाबलं की तोरूची शेपटी दुपारपर्यंत आली नि गेली, आली नि गेली. असं बटण लग्नाच्या बोलणीच्या वेळी असतं तर तुम्ही आणि मी किती वेळा दाबलं असतं, सांगा बरं!

मग अडलं ते चमकेवर. उन्हाळ्यात केस आखूड झाले की तोरू कसा लखलखतो, तुम्हाला ठाऊकच आहे. ते पाटीवर काही केल्या उतरेना. म्हणून मी शेजारच्या एसेनची तांबडी घोडी मागून आणली, अंग चोळून देते म्हणून. आणि दिलं चोळून. मेंढीच्या शेपटीची चरबी वितळवून. घोडी अशी झळकली की मीरिमनं डोळ्यांवर हात धरला. पण चमक सगळीकडे सारखी, जणू भिजलेली पखाल. मीरिम ओरडली, "आजी, कळलं! चमक सगळीकडे नसतेच! खांद्याचं हाड वळतं तिथं, पुठ्ठ्यावर, गालफडावर, तेवढीच! बाकीचं अंग गप्प राहिलं तरच ती बोलते!" आम्ही दोघी अंगणात नाचलो, विहीणबाई, गुडघ्यांसकट. नाचता नाचता गल्लीतल्या कुत्र्यांना वास लागला. घोडी पुढे, कुत्री मागे, त्यांच्यामागे एसेन. परत आला तो लालबुंद होऊन. "सादातआपा, घोडी चोळायला दिली होती का तळायला?" मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या घोडीवर आज गावभराचा जीव जडला, मिरव की!

चित्र लग्नाचे फलक छापणाऱ्या दुकानातून मोठ्या कापडावर छापून आणलंय. ड्रायव्हर बाकितबरोबर पाठवतेय. त्याला चहा पाजा, बातमी पाजू नका. व्याह्यांच्या बैठकीसमोर टांगा आणि तोंडातून चकार शब्द काढू नका. (तुम्हाला हे जमेल यावर माझा विश्वास आहे, असं लिहायला मीरिमनं सांगितलं.) लहानांना आशीर्वाद.

तुमची विहीण,
सादात

ता.क. घात झाला. चुका दिसाव्यात म्हणून ही पोरगी मधेच चित्र आरशातल्यासारखं उलटं करते, आणि शेवटी सुलटं करायला विसरली! तोरूचा पांढरा पाय मागचा डावा. कापडावर तो उजवा झालाय. व्याही बघताच म्हणतील, "हा कुणाचा?" दुसरं छापायला वेळ नाही, कापड गाडीत पिठाच्या पोत्यांखाली गेलंय. तेव्हा माझं एवढं ऐका: मागची बाजू पुढे करून टांगा. रंग आरपार उतरलाय. जरा फिका दिसेल. कुणी विचारलंच तर म्हणा, पहाटेचं धुकं आहे.

आणखी ता.क. गाडी अजून दारातच आहे. आत्ता एर्किन पोती उचलून, खालचं कापड उलगडून बघून आला, आणि पोरीकडे न बघता मला म्हणतो, "आई, सासूबाईंना लिही, कापड उलटं टांगा. तोरूचा पांढरा पाय चुकलाय." मी विचारलं, तोरूचा? कुणाच्या तोरूचा? तो पुन्हा पोत्यांकडे वळला. मीरिम लिहितेय खरी, पण अक्षर बघा कसं नाचतंय. ओळखायचं होतं सासऱ्यांनी, ओळखलं जावयानं. आता व्याह्यांनीही ओळखावं, असं बघाच. नाहीतर त्यांच्यापेक्षा आमच्या एर्किनला घोडा जास्त कळतो, हे सांगायला मी स्वतः येईन, आणि महिनाभर राहीन.