उजव्या दारावरचे फोड

एस्पान्योला, ९ जानेवारी १९७९

ती. देल्फिनाताईस, ओनेसिमोचा सा. न. वि. वि.

घरी सगळी ठीक. मक्या-मटणाचं पोसोले खाऊन माझं पोट तेवढं सुटलंय. एलिसेओ ज्या गाडीत गेला ती सेनायदा काकूंनी अठरा वर्षं ताडपत्रीखाली ठेवली होती. अखेर रंगवायला माझ्या गॅरेजात दिली. म्हणाल्या, डोळे पुरते जायच्या आत पोराची गाडी लाल झालेली बघायचीय. गाडी आरशासारखी झाली, पण उजव्या दारावर रंगाला फोड येतात. टोचले की पाणी निघतं. दोनदा पत्र्यापर्यंत खरवडलं, कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढलं, थिनर बदलला. पुन्हा तेच. बाबांच्या हाताखाली रंग कालवलेस तू. काय चुकतंय, सांग. फोड पंजाच्या आकारात येतात, हे मात्र हसण्यावारी ने.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
ओनेसिमो

प्वेब्लो, १५ जानेवारी

चि. ओनेसिमोस, अ. आ.

पोसोले कमी खा. फोड म्हणजे घामाचं मीठ, दुसरं काही नाही. उघड्या पत्र्याला कुणाचा हात लागला की मीठ मागे राहतं, रंगाखाली ओल ओढतं आणि काही महिन्यांनी अख्खा पंजा वर येतो. बाबा यावरूनच ओरडायचे ना? कढत पाण्यानं धू, नवं फडकं घे, हातमोजे घाल. आणि गाडी लवकर देऊन टाक. तिच्याबद्दल मला पुन्हा लिहू नकोस.

तब्येतीला जप.
ताई

एस्पान्योला, २ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

नको म्हणालीस तरी लिहितोय. सगळं तू सांगितलंस तसं केलं. तू महिने म्हणतेस. इथे चौथ्या सकाळी पंजा हजर. जागा तीच, खिडकीच्या खाली. शेजारचा नाबोर आधी चेष्टा करायचा, की गाडी टाटा करतेय. आता तो आत पाऊल टाकत नाही. काकू रोज येऊन विचारतात, झाली का म्हणून. पंजा कागदावर गिरवून सोबत पाठवतोय. करंगळी बघ. मला पुढे लिहवत नाही.

राग आला तरी उत्तर धाड.
ओनेसिमो

प्वेब्लो, ८ फेब्रुवारी

चि. ओनेसिमोस, अ. आ.

कागदावर हात ठेवला. बोटाला बोट जुळलं, लहानपणी बॉनेट आदळून वाकडी झालेली करंगळीसुद्धा. त्या संध्याकाळी मी गाडीत होते. एलिसेओशी बोलायचंही नाही असं बाबांनी बजावलं होतं, म्हणून कुणाला ठाऊक नव्हतं. एम्बुदोच्या वळणावर गाडी बर्फावरून घसरून खडकावर आदळली. मी खिडकीतून बाहेर पडले. त्याचे पाय अडकले, तो सीटवर आडवा झाला. दार उघडेना. त्यावर हात टेकून मी उभी राहिले आणि तो आईबद्दल बोलत राहिला. मग मी चालत घरी आले आणि गप्प बसले. काकूंना वाटतं, तो एकटाच गेला. गुरुवारच्या बसनं येते. त्यांना मीच सांगेन.

ताई

एस्पान्योला, २० फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तू गेलीस त्याच दुपारी काकू गॅरेजात आल्या. तुझं बोलणं त्यांच्या कानात ताजं होतं. म्हणाल्या, की अठरा वर्षं मी त्याला एकट्यालाच मरताना बघत होते, त्या पोरीनं मला झोप दिली. मग दार चाचपत राहिल्या, आणि म्हणाल्या, की हे दोन हात आहेत रे. मला पटेना. दिवा तिरका धरला. तुझ्या बोटांच्या मधे, वरून गच्च धरल्यासारखी जाड बोटं उमटलीत. आदल्या दिवशी नव्हती, शपथेवर सांगतो. काकूंनी दाराला गाल टेकला आणि हसल्या. आता रंगाला हात लावू नकोस म्हणतात. काय करू?

तुझ्या शब्दाची वाट बघतो.
ओनेसिमो

प्वेब्लो, २६ फेब्रुवारी

चि. ओनेसिमोस, अ. आ.

त्यानं हात धरल्याचं मी तुला सांगितलं नाही, काकूंनाही नाही. मी निघाले तेव्हा तो अजून बोलत होता. जाऊ नकोस म्हणत होता. बाबा घरी यायची वेळ झाली होती. एकेक बोट सोडवावं लागलं मला.

दार तसंच ठेव. शनिवारी पुन्हा येते. तोवर काकूंना हसू दे. उरलेलं मी सांगेन.

यानंतरही लोभ उरला, तर दोन ओळी लिही.
देल्फिना