भट्टीचं लाकूड

बाबा, तुम्ही गेल्यावर कळमेश्वरच्या तुमच्या लाकूड भाजायच्या भट्टीच्या विटासुद्धा लोकांनी उचलून नेल्या. आता तिथे गवत आहे. नव्या घरांना लोखंडी खिडक्या बसतात आणि तुमचं लाकूड कुणाला आठवत नाही. मला आठवतं ते आपलं स्वयंपाकघर. तुम्ही काकवीच्या रंगाची, सालईच्या हलक्या लाकडाची फळी आणून माठाखाली सरकवता आहात आणि आई म्हणते आहे, "चांगलं सागवान सोडून हे जळकं लाकूड काहून आणलं?" तुम्ही हसता. "जळकं नाही वं, भाजलेलं. हवा कोंडून तापवलं का लाकूड पाणी पिणं सोडते. पावसात फुगत नाही, उन्हात वाकत नाही, वाळवीबी लवकर तोंड लावत नाही. गरिबाच्या दाराले सागवान कुठून येईन?" माठ पाझरत राहिला, फळी तशीच राहिली, आणि आई शेजारणींना बोलावून ती दाखवू लागली. दाराखिडक्यांसाठी लोक ते लाकूड नेऊ लागले, आणि दोन-तीन वर्षं आपले दिवस बरे गेले.

मग घरं बांधणारा तो ठेकेदार लाकूड घ्यायला आला. त्या दिवशी मी तुमचा डबा घेऊन आले होते, म्हणून तुम्ही त्याला काय बजावलंत ते मी ऐकलं. "दाराखिडक्याले लाव. वजनाखाली नको. भाजल्यानं हे टिकते, पण ताकद कमी होते. मोडलं तर एकदम मोडते." तो म्हणाला, "समजलं ना भाऊ, किती वेळा सांगता?" आणि तेच लाकूड त्यानं शहरात, सदर वस्तीमागच्या एका चाळीत गॅलरीखाली आधाराला घातलं. गॅलरी कोसळली तेव्हा वर एक बाई कपडे वाळत घालत होती. तिचा पाय कापावा लागला. ठेकेदारानं तुमच्याकडे बोट दाखवलं. तुम्ही दारोदार सांगत फिरलात की, मी दाराखिडक्यांसाठी दिलं होतं. लोक ऐकून घ्यायचे, पाणी द्यायचे, लाकूड मात्र घ्यायचे नाहीत. भट्टी विझली, आणि शेवटच्या आजारात धंतोलीच्या दवाखान्यात तुम्ही पुन्हापुन्हा एवढंच विचारत होता, "लाकूड चांगलं होतं ना वं?"

चांगलंच होतं. तेच सांगायला, तुम्ही गेल्यावर, मी त्या बाईला शोधत गेले. भर पावसाळा होता. तिच्या खोलीचं दार फुगलं होतं. कुबडी टेकवून, खांदा लावून तिनं ते लोटून बंद केलं आणि मला बसायला पाट दिला. मी सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "तुमचे बाबा खरंच बोलले असतीन, बाई. पण मी आता काय करू त्याचं?"

तुम्ही कधी कुणाची माफी मागितली नाहीत, मागण्यासारखं काही केलंही नव्हतंत. तुम्हाला लिहिलेले हे कागद पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवले नसते. कारण तुमची बाजू मांडायला गेलेली मी, बाबा, तुमच्या नावानं तिची माफी मागून आले.