आठातली रिकामी जागा

नॉरिच,
१२ नोव्हेंबर

प्रिय रॉडी,

तू कसा आहेस हे विचारत नाही. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो. गावच्या चर्चच्या घंटाघरात अजून दर मंगळवारी सराव होतो, पण आता आम्ही पाचच उरलो आहोत.

शनिवारी चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत, मुरंब्याच्या बरण्यांखाली तुझी रेकॉर्ड सापडली. तू ड्रम वाजवायचास त्या बँडची नव्हे, तुझी एकट्याची. तू अशी एखादी काढली होतीस, हेच मला माहीत नव्हतं. विक्रीला बसलेला नॉर्मन म्हणाला, "ने, बेरिल, फुकट ने. तुझ्या भावाचा ताल चुकलाय म्हणून तेव्हा पेपरातसुद्धा आलं होतं!"

"ताल चुकायला तो काय नॉर्मन आहे?" म्हटलं, आणि घरी आणली.

दुसरी बाजू ऐकता ऐकता चहा निवला. गिटार नाही, गाणं नाही. नुसते तुझे ड्रम. प्रत्येक ओळीत जागा आठ, ठोके सातच. आणि ती रिकामी जागा ओळीओळीला पुढे सरकते. समीक्षकांना ती चूक वाटली. त्यांनी कधी घंटेचा दोर ओढलाय? आपल्या घंटाघरात आठ घंटा, आठ दोर, आणि दर फेरीत प्रत्येक घंटेची पाळी एकेक जागा सरकते. मी कॉलेजला गेले तेव्हा बाबांनी माझा दोर दुसऱ्या कुणाला धरू दिला नाही. सात जणांनी वाजवायचं आणि माझी पाळी आली की गप्प राहायचं. तू तेव्हा बारा वर्षांचा होतास. एवढं सगळं मनात धरून ठेवलंस आणि मला कधी सांगितलं नाहीस, गाढवा.

आता मूळ मुद्दा. तुझ्या शेजारच्या मिसेस पार्जिटरचा फोन आला. "दारच उघडत नाहीत हो! दुधाच्या बाटल्या पायरीवर तशाच. हाक मारली तर आतून म्हणतात, रॉडी गेला, दूध तुम्हीच प्या!"

हात थरथरतात म्हणून ड्रम विकलेस, ते समजू शकते. पण कुत्रीही देऊन टाकलीस. लाडकी कुत्री देऊन टाकणारा माणूस कुठे निघालेला असतो, ते मला कळतं. रॉडी, जाऊ नकोस. मी आयुष्यात कुणाला विनवलेलं नाही, मला ते जमतही नाही. जाऊ नकोस.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून सकाळच्या बसने आले. तुझ्याच पायरीवर, बाटल्यांशेजारी बसून हे लिहिते आहे. आत तुझी खुर्ची करकरते, एवढ्यासाठीच अजून पोलिसांना बोलावलेलं नाही. कागद दाराखालून सरकवते.

वाचून झालं की आतून सात ठोके दे. माझी जागा मोकळी ठेव. ती मी बाहेरून भरते.

दाराला कान लावून बसलेली,
तुझी बेरिल