दोरीचं माप

प्रिय ठकू,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. सगळे म्हणजे मी, तुझी आई आणि माझं शिलाई मशीन. त्यातल्या त्यात मशीनची तब्येत सगळ्यांत बरी आहे. फोनवर मला धड बोलता येत नाही हे तुला माहीतच आहे. मी तोंड उघडलं की तुझी आई समोर उभी राहून खुणा करते आणि मी काय सांगणार होतो तेच विसरतो. आज दुकानात गिऱ्हाईक नाही. कापड बेतायच्या टेबलावर कागद पसरून बसलो आहे, आणि गोष्टही जरा लांबलचक आहे, तेव्हा निवांत वाच.

तर तुझ्या आईने धनुष्य सोडायचं ठरवलं होतं. थट्टा नाही करत. गेलं वर्षभर तिचे बाण खाली पडत होते. ती धनुष्यावरच्या पट्टीतली नेमाची पिन थोडी खाली सरकवायची, आठवडाभर बरं चालायचं, की पुन्हा बाण खाली. आधी तिने चष्म्याला दोष दिला आणि मला चष्मेवाल्याकडे दोन खेपा घालायला लावल्या. मग बाणांना दिला. मग वाऱ्याला, तेही बंद हॉलमधल्या. पिन पट्टीच्या पार तळाला टेकली तेव्हा मात्र दोष द्यायला कुणी उरलं नाही. गेल्या महिन्यात क्लबात तिने वेग मोजायच्या यंत्रातून बाण सोडून पाहिला. सेकंदाला दोनशे एक्कावन्न फूट. हेच धनुष्य एके काळी दोनशे अडुसष्ट दाखवायचं, हे मला सांगायची गरज नाही, तो आकडा तुम्हा दोघींना पाठ आहे. घरी आली, चप्पल काढायच्या आधीच खुर्चीत बसली आणि म्हणाली, "हात गेले माझे." ज्येष्ठांच्या संघाची निवड महिन्यावर आली होती. तिने सेक्रेटरींना सांगून टाकलं, माझं नाव घालू नका.

मला फार वाईट वाटलं. तुझी आई नाकावर माशी बसू न देणारी बाई. तिला आपल्या हातांकडे असं बघताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आता यातली गंमत तुझ्या लक्षात आली असेलच, कारण तू रोज तेच काम करतेस. क्लबचे मिस्त्री वर्षभर एकच पालुपद लावून होते, की बाई, दोरी बदला. आणि तुझी आई म्हणायची, दोरीला काय धाड भरली आहे? दोरी बदलायची नव्हती, कारण ती तू वळलेली होती. जांभळ्या आणि राखाडी धाग्यांची. तू निघालीस त्या सकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून गेलीस. आईने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. नेम धरायला शिकवलेली पोर स्पर्धा सोडून कुठल्या तरी कारखान्यात दोऱ्या वळायला जाते, हे तिच्या पचनी पडत नव्हतं, आणि ते तिने तुला दारात पुरेशा मोठ्या आवाजात सांगितलंही होतं. पण दुसऱ्याच दिवशी ती दोरी तिच्या धनुष्यावर होती. मी विचारलं नाही. मिस्त्रींनी चढवली असणार, त्यांनीही विचारलं नाही. तेव्हापासून आम्ही सगळे मूग गिळून होतो. तुझं येणं नाही, तिचं फोनवर 'जेवलीस का' याच्यापुढे बोलणं नाही, आणि ती दोरी आपली खांद्यावरून क्लबात जाते, घरी येते.

त्यात मी एक पराक्रम करून ठेवला. दोरीच्या मधोमध जिथे बाण अडकवतात तिथली गुंडाळी झिजली होती. आई म्हणाली, तुम्ही दोऱ्याचे माणूस, बघा काही होतंय का. मला कोण आनंद! मी कोटाची बटणं लावायचा जाड दोरा काढला, मेण चोळला आणि तीन थर असे घट्ट बसवले की बघणाऱ्याने बघत राहावं. वर टोकाला काजाचा टाका. टाका नंतर कुठे उसवला नाही, याचा मला अजूनही अभिमान आहे. बाणाच्या वेगाचं काय झालं ते पुढे येईलच.

मग एक दिवस मिस्त्रींना धनुष्याच्या टोकाला असतं त्या चाकाजवळ दोरीचे काही धागे तुटलेले दिसले. त्यांनी सरळ सांगितलं, या दोरीवर मी तुम्हाला एक बाण सोडू देणार नाही. ताणलेलं असताना तुटली तर धनुष्याचे तुकडे होतील आणि तुमच्या तोंडावर येतील. आई म्हणाली, मग राहिलंच. धनुष्य पेटीत घातलं, पेटी कपाटावर चढवली आणि क्लबला देऊन टाकू म्हणाली. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं आणि आम्ही दोघांनीही ती मुकाट्याने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी चोरी केली. ती भाजी आणायला गेल्यावर पेटी खाली काढली, पडद्याच्या कापडात गुंडाळली आणि क्लब गाठला. वाटेत कुणी विचारलं तर पडदे शिवायला आणलेत असं सांगायचं ठरवलं होतं, पण कुणी विचारलं नाही, जरा हिरमोडच झाला. मिस्त्रींनी धनुष्य शिकंज्यात धरून दाबलं, दोरी आणि दोन्ही चाकांना जोडणाऱ्या केबल उतरवल्या, आणि माझं भरतकाम पाहून कपाळाला हात लावला. ही दोरी आहे की कोटाची बाही, असं विचारलं. मग त्यांनी मला समजावलं ते असं: दोरीच्या मध्यावर वजन वाढवलं की बाणासोबत ते वजनही धनुष्याला ढकलावं लागतं, बाणाच्या वाट्याचं बळ तिथेच खर्च होतं. आणि दोरी-केबल ताणून लांबल्या की चाकं जागा सोडतात, वरचं आधी वळतं, खालचं मागून येतं. हे मला लगेच पटलं. माझ्या मशीनचा पट्टा सैल झाला तेव्हा पाय तेवढेच मारायचो आणि सुई मात्र रांगत चालायची. मीही तेव्हा म्हणालो होतो, पाय गेले.

आम्ही असे हसत असताना दारात तुझी आई. ती लॉकरची किल्ली परत करायला आली होती. तिचं धनुष्य शिकंज्यात उघडंबोडकं, तुझी दोरी टेबलावर, आणि माझ्या हातात पडद्याचं कापड. मी आपला त्या कापडाची घडी घालायला लागलो. तिने दोरी उचलली, बोटांभोवती नीट वेटोळं केलं आणि पर्समध्ये ठेवली. मग बाकावर बसून मिस्त्रींचं काम पाहत राहिली. ते नवी दोरी आणि केबल चढवून चाकांवरच्या खुणा जुळवत होते, पीळ कमीजास्त करत होते, आणि हात न थांबवता म्हणाले, "बाई, शेवटपर्यंत ओढलंत की पुढचा वेग धनुष्याचा, तुमचा नाही. हे मला तुम्हीच शिकवलंत."

यावर तिने 'हं' म्हटलं. आपणच इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवलेली गोष्ट स्वतःच्या बाबतीत कशी विसरायला होते बघ. मग तिने धनुष्य घेतलं, ओढलं आणि यंत्रातून बाण सोडला. दोनशे सहासष्ट. तिने पुन्हा सोडला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिने यंत्राकडे न बघता थेट लक्ष्यावर नेम धरला आणि बाण लक्ष्याच्या डोक्यावरून मागच्या जाळीत गेला, कारण पिन अजून तळालाच होती! ठकू, तुझी आई खो-खो हसली. नेम चुकल्यावर ती हसली, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मिस्त्री म्हणाले, नवी दोरी बसायला वेळ द्या, दोरीतलं नेम बघायचं भोक थोडं फिरेल, घाई नको. ती रोज जाऊन, बाण सोडून दोरी बसवून आली, आणि सेक्रेटरींना नाव परत घालायला सांगितलं. संघात तिचं नाव लागलं आहे. चष्मेवाल्याची मी माफी मागून आलो.

आता मुद्द्याचं. ही दोरी विकतची आहे, पिवळीधमक, कामाला चोख. काल जेवताना तुझी आई ताटाकडे बघत म्हणाली, "दोरी चांगलीच आहे. पण मला माझ्या मापाची हवी. विचारा तिला, घेते का ऑर्डर." मी घास हातात धरून बसलो. दारात तुला जे म्हणाली होती ते ती तोंडाने कधी परत घेणार नाही, तो तिचा स्वभाव नाही. पण हे ती म्हणाली, आणि पुढे म्हणाली, रंग तेच. मग पर्समधून ती जुनी दोरी काढून माझ्यापुढे ठेवली, मापासाठी पाकिटात घाला म्हणून. मी पाकिटात घातलेली नाही. गुडघ्यात फुगलेल्या विजारीवरून नव्या विजारीचं माप घेऊ नये, एवढं मला कळतं, आणि ताणलेल्या दोरीचं माप खोटं असतं हे तुम्हा दोघींना माझ्याहून चांगलं कळतं. तरी तिने ती दिली. तेव्हा माप धनुष्यावरूनच घ्यावं लागेल, आणि धनुष्य ती पोस्टाने पाठवायला तयार नाही. मी आग्रहही केलेला नाही. तुझ्या खोलीतला कापडाचा पसारा मी आजच हलवला आहे. टेप घेऊन ये.

तुझाच,
पडदेचोर बाबा