जज्जसाहेबांना काही पत्ता नाही

२ ऑगस्ट १९८८, मंगळवार. धुळे.
आजपासून मंगळवारच्या मालिकेचं बारीक निरीक्षण करायचं ठरवलं. करमणूक म्हणून नव्हे, मनुष्यस्वभावाचा अभ्यास म्हणून. एक गुंड फोटोवरून मुलीला ब्लॅकमेल करतोय आणि तिचा बाप, एवढा रिटायर्ड जज्ज, शेजारी बसून पेपर वाचतोय! मी असतो तर पहिल्याच एपिसोडात गुंडाची मानगूट धरली असती. गल्लीतल्या बायका आमच्याकडेच टीव्ही बघायला येतात, त्यांना हे मोठ्याने ऐकवलं. कोणी काही बोललं नाही. पटलं असावं.
अँटेना रुपचंदने फिरवून दिली. कोपऱ्यावरचा स्टुडिओवाला. गुणी पोरगा. आमच्या प्रमिलाचे स्थळांना दाखवायचे फोटो त्यानेच काढले, वर पैसेही घेतले नाहीत.

५ ऑगस्ट
प्रमिला कॉलेजला जात नाही म्हणते. पोट दुखतं. निदान : मालिका. कोवळ्या मनावर परिणाम होतो. मंगळवारपासून टीव्ही बंद. निर्णय अंतिम.

९ ऑगस्ट, मंगळवार
टीव्ही चालू. बायका आल्याच, हाकलणार कशा? आज गुंडाने मुलीचा हात पिरगाळला. जज्ज आपला पेपरात. रुपचंदला खुर्ची दिली, प्रमिलाला चहा आणायला सांगितलं. तिने त्याच्यासमोरच कप पाडला. धांदरट कार्टी. तो मात्र हसून म्हणाला, राहू द्या नाना. किती समजूतदार!

११ ऑगस्ट
प्रमिलाने विचारलं, मालिकेतल्या मुलीने सगळं सांगितलं तर तिचे वडील काय करतील? नीट विचार करून उत्तर दिलं : आधी मुलीचं बाहेर जाणं बंद, मग पुढचं बघतील. ती उठून आत गेली. आपल्या घरात मुलं बापाशी मोकळेपणी बोलतात. बरं वाटलं.

१६ ऑगस्ट, मंगळवार
प्रमिलाचं मनगट सुजलंय. बांगड्या फुटल्या. सौ. म्हणाली, जिन्यात पडली. जातीने जाऊन जिना तपासला. कोरडा होता. म्हणजे दोष चपलांचा.
तोडगा काढला : उद्यापासून रुपचंदने तिला स्कूटरवरून कॉलेजला सोडायचं. तो लगेच तयार झाला. सौ. बराच वेळ माझ्याकडे एकटक बघत होती. तोंडाने कधी कौतुक करायची नाही.

१७ ऑगस्ट
प्रमिलाला ताप. स्कूटर लांबणीवर.

२१ ऑगस्ट, रविवार
शेजारी मंजुळाबाईंकडे श्रावणातली कानबाई देवी बसली. बायकांची दिवसभर कुजबुज. मी गेलो की सगळ्या गप्प. वचक आहे अजून.

२२ ऑगस्ट
सकाळी कानबाईला पांझरेवर विसर्जनाला न्यायला मिरवणूक निघाली. बायका नाचत नाचत कोपऱ्यावर थांबल्या आणि चारपाच जणी स्टुडिओत शिरल्या. म्हटलं, देवीचा फोटो काढायचा असेल. वाजंत्री अशी दणदणत होती की आतलं काही ऐकू येईना. मग सौ. बाहेर आली. पदर खोचलेला, मुठीत निगेटिव्ह. मागे रुपचंद, शर्ट फाटलेला, नाकातून रक्त. मी धावलो. अहो, हा आपला रुपचंद, म्हणालो. मंजुळाबाई म्हणाल्या, “तो कोन शे, ते बठ्ठी गल्लीले मालूम शे, नाना.”
सगळ्या गल्लीला? मिरवणूक नदीकडे गेली. मी तिथेच उभा.

२३ ऑगस्ट, मंगळवार
सौ.ने सगळं सांगितलं. पोरगी एकटी स्टुडिओत येते असं तिचे फोटो दाखवून प्रत्येक स्थळाला कळवीन, म्हणून तो महिनाभर तिला धमकावत होता. एकटी भेटायला ये म्हणाला; ती नाही म्हणाली, तेव्हा हात पिरगाळला. मग मला का नाही सांगितलं? सौ. म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही पोरीलाच कोंडलं असतं.
भयंकर राग आला. नेमका कोणाचा, ते नाही कळलं. मी तसा माणूस नाही हे ठणकावून सांगणार होतो, तेवढ्यात मालिका लागली. जज्जला शेवटी कळलं. पेपर बाजूला ठेवून ढसाढसा रडला. सगळ्या बायका हसल्या. मला काही हसू आलं नाही.

२४ ऑगस्ट
सकाळीच पक्कं ठरवलं : गल्लीतली चर्चा थंडावेपर्यंत प्रमिलाने घराबाहेर पडायचं नाही. तिच्याच भल्यासाठी. हे प्रेमाने पण ठामपणे सांगायचं. म्हणून दारात जाऊन उभा राहिलो.
ती पुस्तकं घेऊन आली. मनगटाला पट्टी.
म्हणाली, नाना, जरा सरका.
सरकलो.