राहिलेलं नाव

४ मार्च १९५८

मावशी रुसली! शोभाच्या लग्नाची मंगलाष्टकं मी केली, त्यांत तिच्या मावशीचं नाव राहिलं. काका, मामा, थेट वर्ध्याचे चुलत आजोबा — सगळे आले, मावशी तेवढी सुटली. बाई पंगतीला बसलीच नाही. शोभाची आई घरी येऊन म्हणाली, "शुभदा, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

पाच वर्षं झाली, यवतमाळच्या या गल्लीतलं एकही लग्न माझ्या गुलाबी कागदाशिवाय लागलेलं नाही. शार्दूलविक्रीडितात नातेवाईक कोंबायचे, शेवटी 'कुर्यात् सदा मंगलम्'. गल्लीच्या लेखी मी कवी, ती एवढ्यापुरतीच.

७ मार्च

नळावर भांडण, घागरींचा खणखणाट, आणि जिनिंग कारखान्यातून उडालेला कापूस दोरीवरच्या ओल्या लुगड्यांना चिकटलेला. तीन ओळी सुचल्या. खऱ्या! लिहायला बसले तोच आत्याची हाक — डाळ करपली. परत आले तर एक शब्द आठवेना.

१५ मार्च

उमरखेडहून पत्र!! मुलींच्या शाळेत जागा मिळाली. २३ जूनला हजर व्हायचं. माझ्या नावचं पत्र, पण फोडलं नानांनी. भिंग लावून वाचलं आणि कोनाड्यात गणपतीमागे ठेवून दिलं. "उमरखेडला कोण आहे आपलं?" बस, एवढंच. वडील कोर्टात शिरस्तेदार होते, निकाल मात्र घरी देतात.

एकोणतीस वर्षांची आहे मी.

१६ मार्च

वहीतला खुणेचा दोरा आज भलत्याच पानात. आत्या! म्हणजे इथेही जपून लिहायचं.

२ एप्रिल

नागपूरचे लोक पाहून गेले. मुलगा दीनानाथ, कारकून. तो बोललाच नाही. बोलले ते त्याचे थोरले काका, नागोराव. पोरक्या पुतण्याला त्यांनी वाढवलं, त्यामुळे त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाही. मला चालून दाखवायला लावलं. हस्ताक्षर पाहिलं. मग म्हणाले, "नोकरीचं खूळ काढून टाका. कविता चालतील, आमच्याकडे मंगळागौरी पुष्कळ होतात."

नाना हसले. नागोरावांपेक्षा त्या हसण्याचाच राग आला.

मी पसंत आहे. १२ मे ठरली. मला कोणी विचारलं नाही.

९ एप्रिल

"मंगलाष्टकं तूच कर," आत्या म्हणते. "घरात करणारी असताना बाहेरून करवली तर लोक हसतील." स्वतःच्या लग्नाची! नानांनी यादी दिली. दोन्हीकडची मिळून बावीस नावं.

११ एप्रिल

तांड्यावरची हंसाबाई तूप घेऊन आली. मी ओसरीवर बोटांवर अक्षरं मोजत होते.

"काय करून राह्यली बाई?"

सांगितलं. तिने डोक्यावरचं मडकं खाली ठेवलं. "तुमच्यात नवरी काहून चूप राह्यते? आमच्यात नवरीच ढावलो गाते. रडते अन् गाते. याडीले, बापाले, साऱ्याइले नाव घेऊन बोलते. मनात काय हाये ते सारं बोलून घेते."

"आणि ते ऐकून घेतात?"

"आयकाच लागते! त्या दिवशी तिले कोनी गप नाई करत." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "लोकाइचं लिवलं तू. तुह्यं काय हाये यात?"

मी तूप मोजून घेतलं. दुसरं काय करणार होते?

२० एप्रिल

झाली एकदाची. एकवीस नावं बसली, नागोरावांचं काही केल्या वृत्तात बसेना. रात्रंदिवस तेच डोक्यात. नानांना मोतीबिंदू, म्हणून मी वाचून दाखवू लागले. दुसऱ्याच ओळीला म्हणाले, "तू केलंस म्हणजे चांगलंच असणार. दे छापायला." दिलं. दोनशे कागद.

३ मे

नागपूरला पत्रिका गेल्या, सोबत मंगलाष्टकांचे कागदही. रीतच आहे तशी.

७ मे

नागपूरचं पत्र. नानांनी मलाच वाचायला सांगितलं. "ज्यांनी मुलाला वाढवलं, त्यांचंच नाव आपणांस जड झालं. मानकऱ्यांची किंमत नसलेल्या घरी सोयरीक करणे नाही."

आत्याने उरलेला एक कागद काढून नावं मोजली. "कसं गं राहिलं?"

"बसत नव्हतं. नंतर घालू म्हटलं, राहून गेलं." मावशीच्या वेळी राहिलं होतं, तसंच. तिला पटलं.

९ मे

नाना नागपूरला जाऊन आले. नागोरावांसमोर टोपी काढून उभे राहिले, म्हणाले, माझ्या मुलीची चूक पोटात घाला. त्यांनी बसासुद्धा म्हटलं नाही.

येऊन हातपाय धुतले, भिंतीकडे तोंड करून पडले. जेवले नाहीत. मला काही एक बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं!

१२ मे

मांडवाच्या बल्ल्या परत गेल्या. नळावर मी गेले की बायका गप्प होतात.

१० जून

आत्याच नानांना म्हणाली, "जाऊ द्या तिला वर्षभर. मोडलेल्या लग्नाची पोर रोज डोळ्यांसमोर, लोक बोलायचे थांबत नाहीत." नाना उठले. गणपतीमागून पत्र काढलं, माझ्या हातात दिलं. धूळ पुसूनच दिलं.

२४ जून. उमरखेड

खोलीला आतून कडी आहे. ही वही आता कोणी उघडणार नाही, म्हणून लिहिते.

नागोराव. तीन गुरू, एक लघु. शार्दूलविक्रीडितात ओळीच्या अगदी सुरुवातीलाच बसतं. पहिल्याच दिवशी बसवलं होतं. मग मीच खोडलं.